गार्लंड टिडवेलचा तिसरा आवाज

गार्लंड टिडवेल बेसूर गायचा. आमच्या पाइन फोर्क गावात ही गोष्ट ठाऊक नसलेला एकच माणूस होता, तो म्हणजे खुद्द गार्लंड.

बेसूर तरी किती असावं माणसानं? इकडेतिकडे थोडं घसरलं तर समजून घेता येतं, तेवढं आमच्या पाळकांचंही घसरतं. गार्लंडचं तसं नव्हतं. तो सुराच्या शेजारी घर बांधून राहिला होता आणि तिथं अगदी मजेत होता. डोळे मिटून, छाती भरून, पार पोटापासून गायचा. रविवारी उपासनेला त्याच्या पुढच्या बाकांवरची माणसं हळूहळू आणखी पुढं सरकत, आणि नवीन पाहुणे आले की दारातली मंडळी त्यांना आपण होऊन पलीकडच्या बाजूला नेऊन बसवत.

पण सांगणार कोण? आमच्या चर्चमध्ये कुणाला तोंडावर वाईट बोलायची पद्धत नाही. पाठीमागे बोलतात, नाही असं नाही. पण आधी 'देव भलं करो बिचाऱ्याचं' एवढं म्हणून घ्यायचं, की पुढं काय हवं ते बोलायला माणूस मोकळा. गार्लंडचं देवानं किती वेळा भलं करावं, याला काही सुमार राहिला नव्हता. लहान असताना नाताळच्या नाटकात बाईंनी त्याला मुका मेंढपाळ केलं आणि मुका मेंढपाळ हेच नाटकातलं सगळ्यांत अवघड काम असतं, असं त्याला पटवून दिलं. मोठा झाल्यावर क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, गेला, तर तिथं त्याला खुर्च्या मांडायच्या कामावर नेमलं. असा ताकदीचा गडी नुसता गाण्यात वाया घालवणं बरं नव्हे म्हणे. गार्लंडनं इतकी वर्षं त्या खुर्च्या अभिमानानं मांडल्या.

आता यातली खरी गंमत ऐका. या माणसाचा कान मोठा तयार होता. घरोघरी आणि शेतोशेती गॅसच्या टाक्या भरत फिरायचं त्याचं काम. टँकरच्या रेडिओवर दिवसभर साठच्या दशकातली गाणी चालू असायची: अडीच मिनिटांत आटपणारी, टाळ्यांची, खंजिरीची, छनछनत्या बारा तारांच्या गिटारीची, आणि तीन आवाज एकमेकांत असे मिसळलेले की कुठला कुणाचा ते कळू नये. लहानपणी त्याच्या आईनं असली गाणी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. गार्लंडचं म्हणणं असं, की चाल कधी पापी नसते, पाप असलं तर ते शब्दांत असतं. म्हणून तो त्याच धर्तीवर स्वतःच्या चाली रचायचा आणि गाण्यातल्या प्रेयसीच्या जागी प्रभूला बसवायचा. कोंबड्यांच्या शेडची टाकी भरून होईतो तिन्ही आवाजांची मांडणी डोक्यात पक्की झालेली असायची, आणि ती मांडणी इतकी सुरेख असायची की ऐकणाऱ्यानं हात जोडावेत. स्वतःचा आवाज सोडला तर जगातला प्रत्येक आवाज त्याला नीट ऐकू यायचा.

त्याची बायको व्हर्लीन. गावातल्या केसांच्या दुकानात तिची खुर्ची आहे, आणि पंचक्रोशीतली सगळी डोकी आणि डोक्यांतल्या सगळ्या भानगडी तिच्या हाताखालून जातात. क्वायरमध्ये ती खालच्या पट्टीत गाते. तिचा सूर इतका नेमका, की चर्चचा पियानो उतरलाय का हे वाजवणारी बाई व्हर्लीनच्या चेहऱ्याकडे बघून ठरवते. अशा बाईनं गार्लंडशी लग्न केलंच कसं, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं असं झालं, की जिल्ह्याच्या जत्रेत गार्लंडनं तिला गाडीच्या बोनेटवर बसवलं आणि स्वतः रचलेलं गाणं म्हणून दाखवलं. व्हर्लीनला हसू आवरेना. तिनं तोंडावर रुमाल दाबला, खांदे गदगद हलायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहिलं. गार्लंडला वाटलं, पोरगी गहिवरली. तो इतका हरखला की त्यानं तिथल्या तिथं मागणी घातली. त्या वेळी खरं सांगता आलं असतं. पण एवढ्या हरखलेल्या माणसाला काही सांगायचं तिच्या जिवावर आलं, आणि तिनं हो म्हणून टाकलं.

तर या गार्लंडचा एक बँड होता, 'द सेकंड माइलर्स'. कुणी एक मैल चल म्हणालं तर आपण दोन मैल चालावं, या शिकवणीवरून ठेवलेलं नाव. मुख्य गायक किप हार्ग्रोव्ह, चर्चमधल्या तरुण मंडळींचा पुढारी, दिसायला देखणा आणि त्याची पुरती जाणीव असलेला. ड्रमवर डॉयल, शाळेत गणित शिकवायचा आणि वाजवायचा-गायचाही गणितासारखंच अचूक. गिटारवर त्याचा मेहुणा. गार्लंड बेस गिटार वाजवायचा, सगळी गाणी त्याचीच, आणि तीन आवाजांतला तिसरा आवाजही त्याचाच. चर्चमध्ये कार्यक्रम असला की गार्लंडच्या मायक्रोफोनवरचा लाल दिवा छान लागायचा, पण त्यातून पुढं काहीही जायचं नाही. आवाजाच्या यंत्रावर बसणारे ब्रदर मेकम मनानं फार कोमल होते.

सगळं सुखासुखी चाललं होतं, तेवढ्यात नॅशव्हिलच्या एका लहानशा कंपनीनं त्यांचा अल्बम काढायचं कबूल केलं. अल्बमचं नाव ठरलं 'बारा टोपल्या', कारण गाणी बारा आणि बायबलात प्रभूनं जमावाला जेवू घातल्यावर उरलेल्या भाकरीच्या टोपल्याही बाराच. अरुंद टाय घालून चौघांचा फोटो काढून झाला. गार्लंडच्या पोटावर तो टाय जेमतेम अर्ध्यापर्यंत पोचत होता. सगळं गाव खूश झालं, आणि मग एकेकाच्या लक्षात यायला लागलं की रेकॉर्डिंगच्या यंत्रावर काही ब्रदर मेकम बसणार नाहीत.

किपनं आडून आडून सुचवून पाहिलं, की तिसऱ्या आवाजासाठी बाहेरचा एखादा गायक घ्यावा का, याविषयी आपण प्रार्थना करून बघू. आमच्याकडे 'प्रार्थना करून बघू' म्हणजे 'नको', हे शेंबडं पोरही जाणतं. गार्लंडनं मात्र घरी जाऊन खरोखरच प्रार्थना केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किपला फोन करून विचारलं, की मला तर गा असं उत्तर आलंय, तुला काय आलं?

मग आला बुधवार. बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात सगळ्यांचं जेवण असतं. कोंबडीचा भात, घेवड्याच्या शेंगा, भरलेली अंडी, सगळं घरून आणलेलं. जेवण झालं की कुणाला कशासाठी प्रार्थना हवी ते सांगायचं: कुणाचा गुडघा, कुणाचा जावई. आणि ज्याला कारण सांगायचं नसेल त्यानं नुसता हात वर करून 'न सांगितलेली' एवढंच म्हणायचं. त्यावर कुणी खोदून विचारत नाही. घरी जाताना गाडीत तर्क करतात. त्या बुधवारी किपनं हात वर केला, 'न सांगितलेली'. मागोमाग डॉयलनं. मग डॉयलच्या मेहुण्यानं. मग ब्रदर मेकमनी. शेवटी पाळक ब्रदर लव्हेल यांनी स्वतः हात वर केला आणि सगळं तळघर आपापल्या ताटात बघायला लागलं. एकाच बँडमधल्या इतक्या माणसांवर काय संकट कोसळलं म्हणून गार्लंडचा जीव कळवळला. तो उठून उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं प्रार्थना केली. प्रभू, या माझ्या भावांच्या मनावर जे काही ओझं असेल ते तू दूर कर, असं तो म्हणाला. व्हर्लीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी किप दुकानात येऊन तिच्या खुर्चीत बसला. केस वाढलेले नव्हतेच. आरशातून तिच्याकडे बघत त्यानं आपलं रडगाणं सांगितलं: कंपनीवाले ऐकतील आणि सगळंच रद्द करतील, गार्लंडचीच गाणी मातीत जातील, इतर कुणी सांगितलं तर त्याला लागेल.

"मिस व्हर्लीन, तुमचं तो ऐकेल." आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानानं मिसच म्हणतात.

"इतकी वर्षं मी जे झाकून ठेवलं, ते आता तुझ्या सीडीसाठी उघडू होय रे?" व्हर्लीन म्हणाली, आणि त्याच्या कानामागचे केस गरजेपेक्षा जास्तच कापले.

पण ती विचारात पडली. संध्याकाळी तिनं गार्लंडच्या आवडीचं जेवण केलं, मक्याचा पाव आणि घेवड्याची उसळ, आणि दिवसभर मनात घोळवलेलं वाक्य बोलायला घेतलं. बेस गिटार आणि गाणं दोन्ही एकदम करायचं म्हणजे बोटं चुकायची, नाही का. गार्लंड म्हणाला, त्याचा विचार केलाय, दोन्ही वेगवेगळं रेकॉर्ड करणार आहोत. ती म्हणाली, घशाला त्रास होईल. तो म्हणाला, मध घेऊन जाईन. मग त्यानं हातातला पाव खाली ठेवला.

"व्हर्लीन, मला नाव नकोय. मी जन्मभर हे तीन आवाज बाहेरून ऐकलेत. एकदा मला त्यांच्या आत उभं राहायचंय, बस."

तिनं उठून त्याला गोड ॲपल पाय वाढला, आणि त्यावर वरून क्रीमही घातलं.

स्टुडिओ होता नॅशव्हिलच्या कडेला, पूर्वी टायरचं दुकान होतं त्या जागेत. रेकॉर्डिंग करणारा पावलाक नावाचा माणूस शिकागोहून आलेला, त्यात कॅथलिक, म्हणजे आमच्या पंथाबाहेरचा. त्याला आमच्या रीतीभाती काय कळणार? तिघांचं गाऊन झालं तेव्हा व्हर्लीन सँडविचचा डबा घेऊन तिथं पोचली होती. पावलाकनं यंत्रावरच्या बाकीच्या दोन आवाजांच्या पट्ट्या खाली ओढल्या आणि गार्लंडचा आवाज एकटाच लावला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे सांगायला हवं. हा सूर मुद्दाम असा लावलाय की पुन्हा घ्यायचा, एवढंच त्याला विचारायचं होतं.

गार्लंडनं ऐकलं. पहिल्या दोन ओळींत कोण गातंय हेच त्याला कळलं नाही. तो हसून किपकडे बघत होता. मग कळलं. डॉयल खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. किप छताकडे बघत राहिला. गार्लंडनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि आणखी एकदा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून झालं तेव्हा तो किपकडे वळला नाही, व्हर्लीनकडे वळला, आणि व्हर्लीननं सँडविचच्या डब्यात मान घातली. त्याला जे समजायचं ते त्यातून समजलं.

परतीच्या वाटेवर गाडी व्हर्लीन चालवत होती. बराच रस्ता गेल्यावर त्यानं विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"जत्रेपासून."

"म्हणजे तू रडत नव्हतीस."

"हसत होते, गार्लंड."

त्यानं मान डोलावली आणि बरं म्हणाला. तो भांडला असता, दार आपटून गेला असता, तर व्हर्लीनला बरं वाटलं असतं. भांडण झालं की समेट होतो. पण गार्लंड सभ्यपणे वागायला लागला. जेवण झालं की आभार मानायचा. तिला 'मॅम' म्हणायचा. तिच्यासाठी दार उघडून धरायचा आणि ती आत गेली की स्वतः अंगणात थांबायचा. टँकरचा रेडिओ त्यानं बंद केला. कोंबड्यांच्या शेडवाले व्हर्लीनला विचारायला लागले, की गार्लंडची तब्येत बरी नाही का, हल्ली तो येऊन गेलेला कळतच नाही.

अल्बमचं काम मात्र त्यानं अडवलं नाही. नॅशव्हिलहून एक पगारी गायक आला, आणि त्याला तिसरा आवाज गार्लंडनंच शिकवला, बेस गिटारीवर सूर वाजवून, तोंडातून एक अक्षर न काढता. गाणी सुरेख झाली. रविवारी गार्लंड गीतांचं पुस्तक उघडून उभा राहायचा आणि ओठ मिटून पानं उलटायचा. पुढं सरकलेली माणसं हळूहळू मागं आपल्या जुन्या जागी आली. तळघरात बुधवारी कुणी हात वर केला नाही. आमचं गाऱ्हाणं देवानं ऐकलं होतं, आणि ऐकल्याबद्दल त्याचे आभार मानायचं काही कुणाच्या तोंडून निघेना.

शेवटचं गाणं तेवढं राहिलं होतं. त्या जुन्या पद्धतीप्रमाणे शेवटच्या गाण्याचं ध्रुवपद सगळ्या जमावानं टाळ्या वाजवत म्हणायचं, असं गार्लंडनं सुरुवातीपासून लिहून ठेवलेलं. म्हणून पावलाक एका रविवारी दुपारी आपली सगळी यंत्रं घेऊन आमच्या चर्चमध्ये आला. सगळं गाव जेवूनखाऊन तयार. गार्लंडनं प्रत्येकाला त्याची जागा दिली, कुणी कुठं शिरायचं ते खुणांनी सांगितलं, आणि स्वतः नेहमीच्या बाकापाशी हाताची घडी घालून उभा राहिला.

पहिल्या खेपेला टाळी चुकली. दुसऱ्या खेपेला एक म्हातारा आवाज सगळ्यांच्या मागाहून आला. तिसऱ्या खेपेला तोच आवाज सगळे थांबल्यावरही चालू राहिला. त्या होत्या मिस युला, नव्वदीला टेकलेल्या, कानांनी अधू, गार्लंडच्या अगदी पुढच्या बाकावर बसणाऱ्या आणि तिथून कधीच न हललेल्या. किपनं लगेच आमच्या पद्धतीनं सुरुवात केली: इथं फार उकडतंय, मिस युला, बाजूच्या खोलीत लिंबाचं सरबत ठेवलंय, तुम्ही जरा...

मिस युलांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या मागं वळल्या आणि काठीनं गार्लंडच्या बुटावर टोचलं.

"तू का गात नाहीस रे? बाकीचे सगळे एकात एक कालवतात, मला नुसती घोंघों ऐकू येते. तू एकटा वेगळा कळतोस. तू नसलास की आपण गाण्यात कुठं आहोत, हेच मला समजत नाही बाळा."

गार्लंड वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल."

"मला गाता येत नाही, मिस युला," तो मोठ्यानं म्हणाला.

भरलेल्या चर्चमध्ये ते वाक्य घुमलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. ब्रदर लव्हेल घाईघाईनं पुढं झाले, आणि नाही नाही, ब्रदर गार्लंड, असं कसं, तुझ्या आवाजात एक वेगळीच... असं चाचरायला लागले.

"तुम्ही गप्प बसा, ब्रदर लव्हेल," व्हर्लीन म्हणाली. पाळकांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. ती क्वायरच्या रांगेतून बाहेर आली आणि मधल्या वाटेनं चालत नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. या माणसाला आपण आता कायमचं घालवतोय की काय, अशी भीती तिला वाटत होती. पण त्याला पुन्हा एकदा खोटं सांगून घरी न्यायचं नाही, हे तिचं ठरलं होतं.

"तो खरं बोलतोय. गार्लंड, तुला सूर नाही. एक दिवसही नव्हता. सूर बघून लग्न करायचं असतं तर मी डॉयलशी केलं असतं." डॉयलच्या बायकोला हसू फुटलं, तिनं ते दाबलं. "तुझ्या गाण्याला मी हसले, आणि हसता हसताच ठरवलं की याच्यासोबत राहायचं. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, चुकले. आता सांगितलं. आता गा."

पावलाक यंत्रापाशी हात वर करून थांबला होता.

"बेसूर?" गार्लंडनं विचारलं.

"भयंकर," ती म्हणाली.

त्याचं पोट आधी हललं, मग खांदे, आणि मग तो असा खो खो हसत सुटला की त्याला बाकाचा आधार घ्यावा लागला. मिस युलांना काय झालं ते कळलं नाही, पण माणसं हसतायत म्हणून त्याही हसल्या. व्हर्लीन क्वायरमध्ये परत गेली नाही, त्याच्याच शेजारी उभी राहिली. पावलाकनं हात खाली करून सुरुवातीची खूण केली. गार्लंडनं डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि पोटापासून आवाज लावला, सुराच्या चांगला दीड वीत बाजूला, आणि मिस युलांची टाळी बरोबर जागेवर पडली.

'बारा टोपल्या'च्या शेवटच्या गाण्यात तो अजून तसाच आहे. बाकी सगळे आवाज एकजीव झालेत आणि डाव्या बाजूनं तो एकटा निराळा येतो. व्हर्लीन दुकानात ती सीडी लावते. ती जागा आली की नवीन गिऱ्हाईक हमखास तोंड वाकडं करतं. मग व्हर्लीन कात्री थांबवते आणि आरशातून त्या बाईला सांगते, "हा माझा नवरा."